३१ मार्चची सही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ३१, अमळनेर तालुक्यातलं गाव, घरी कापूस-मक्याची शेती. इंजिनिअरिंग जळगावला झालं, मग चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. कोरोनात गावी आले आणि वडिलांच्या आजारपणामुळे इथेच राहिले. आता जळगावातल्या एका छोट्या कंपनीत टेक्निकल लीड आहेत. कंपनी फक्त सरकारी कामं घेते. सध्या सातपुड्यातल्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका करतात त्या आहारवाटपाची नोंद ठेवणारं मोबाइल ॲप तयार होत आहे. रेंज नसताना भरलेल्या नोंदी नंतर सर्व्हरवर चढताना शंभरात तीन-चार गळतात. दुरुस्तीला तीन आठवडे हवेत आणि मार्चचे अठरा दिवस उरले आहेत. ३१ तारखेच्या आत चाचणी अहवालावर सही झाली नाही तर बिल अडकेल. मालक म्हणतात, "सही मार ना भो, एप्रिलमध्ये नीट करू." पुण्याहून दुप्पट पगाराची ऑफर आहे. परवा मुलगी पाहायला गेले तर तिचे काका म्हणाले, "म्हणजे ठेकेदाराकडे आहेत." वाचक विचारतात: सही करू की राजीनामा देऊ? आणि याला टेक्नॉलॉजीचं काम म्हणायचं तरी का?

(तारीख जवळ असल्यामुळे हे उत्तर त्यांना आधीच ई-मेलनं पाठवलं आहे. अशाच जागी बसलेले आणखी कितीतरी जण आहेत, म्हणून इथे छापत आहोत.)

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची घालमेल दिसली. दुसऱ्यांदा एका वाक्याशी अडखळले: "शंभरात तीन-चार गळतात." बाकीचं पत्र सहीबद्दल, पगाराबद्दल, स्थळाबद्दल आहे. त्या तीन-चार नोंदींमागच्या जणींबद्दल पुढे एक ओळही नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी सव्वीस वर्षं सरकारी कामं घेणाऱ्या कंपन्यांमध्ये काढली, आधी नाशिकला, मग जळगावला. अशी सही मी एकदा केली आहे. शिष्यवृत्तीची यादी तयार करणारी प्रणाली होती. शाळेकडून आलेलं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं तरच पैसे पुढे जायचे. पावरा हे आडनाव शाळेनं इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहिलेलं, बँकेनं दुसऱ्या तऱ्हेनं. एकीकडे डब्ल्यू, दुसरीकडे व्ही. वळवी, वसावे यांचीही तीच गत. चाचणीत हे आम्हाला दिसलं होतं. मार्च होता. मी 'किरकोळ त्रुटी' असं लिहिलं आणि सही केली.

जुलैत दुसऱ्या कामासाठी नंदुरबारला त्याच कार्यालयात गेले. व्हरांड्यात नाकारलेल्या नावांची यादी चिकटवलेली होती. धडगावहून पहाटेच्या एसटीनं आलेले एक गृहस्थ यादीवर बोट ठेवून उभे होते. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मुलाचा दाखला आणि पासबुक. मी तिथलीच कर्मचारी असेन असं वाटून त्यांनी दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी-शेजारी धरले आणि विचारलं, "ताई, दोन्हीकडे माझ्याच पोराचं नाव आहे ना?"

होतं. मला ते दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रामला दिसत नव्हतं, आणि हे मला मार्चपासून माहीत होतं. पुढे महिनाभरात दुरुस्ती झाली. त्या मुलाचे पैसे त्या वर्षी मिळाले की बुडाले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर चाचणीच्या अहवालात 'किरकोळ' हा शब्द मी पुन्हा लिहिला नाही.

आता तुमचा प्रश्न. सही करू की राजीनामा देऊ, असं तुम्ही विचारता. दोनच दारं आहेत असं तुम्ही कशावरून धरलं? मालकांनी, तुमच्या सरांनी, तसं म्हटलं म्हणून. चाचणी अहवाल म्हणजे साक्ष असते. आपण काय तपासलं, काय आढळलं, एवढंच त्यात लिहायचं असतं. सगळं चोख चालतं असंच त्यात असलं पाहिजे, असं टेंडरात सहसा लिहिलेलं नसतं. आरएफपी (म्हणजे काम काय हवं ते सांगणारा टेंडरचा दस्तऐवज) आणि करारातलं स्वीकृतीचं कलम काढून एकदा शांतपणे वाचा. बहुतेक ठिकाणी त्रुटींची गंभीर, मध्यम, साधी अशी वर्गवारी असते आणि कोणत्या वर्गातली त्रुटी असताना प्रणाली सुरू करता येते हेही सांगितलेलं असतं. हे कलम कंपनीत कोणी वाचलेलं नसतं, कारण टेंडर भरणारी माणसं वेगळी आणि काम करणारी वेगळी. ते वाचलेला माणूस बैठकीत एकदम वेगळ्या जागी बसतो.

तुमच्या जागी मी अहवाल असा लिहिला असता: अमुक तारखेला अमुक केंद्रांवर चाचणी घेतली. रेंज असलेल्या ठिकाणच्या सर्व नोंदी सर्व्हरवर पोहोचल्या. रेंज नसताना भरलेल्या इतक्या नोंदींपैकी इतक्या पोहोचल्या नाहीत. कारण सापडलं आहे, दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत होईल. तोवर अशा केंद्रांवर कागदी नोंदवही चालू ठेवावी आणि केवळ ॲपमध्ये नोंद नाही या कारणावरून कोणाचाही आहार किंवा कोणाचं मानधन थांबवू नये. एवढी बाब वगळता प्रणाली वापरास योग्य आहे.

यावर खुशाल सही करा. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. नोंदवहीचं आणि मानधनाचं वाक्य मात्र कोणी कितीही गळ घातली तरी काढू देऊ नका. त्या गळलेल्या तीन-चार जणींचं रक्षण याच वाक्यानं होणार आहे. डोंगरावरच्या सेविकेनं वाटप केलं, नोंद भरली, आणि कार्यालयात तिच्या नावापुढे शून्य दिसलं, तर पहिली नोटीस तिलाच निघते. ॲपला कोणी कारणे दाखवा बजावत नाही.

हे घाबरवायला सांगत नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली, फुजित्सू कंपनीनं पुरवलेली. प्रणालीच्या चुकांमुळे गावोगावच्या पोस्टचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. संगणक चुकणार नाही असं धरून पुढची सोळा-सतरा वर्षं त्यांच्यावर चोरीचे आणि अफरातफरीचे खटले चालले. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. त्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. प्रणालीतल्या चुका अगदी सुरुवातीपासून माहीत होत्या, हे त्याच वर्षी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं चौकशीत मान्य केलं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर ती यादी पडून होती.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द, कारण जीव तिथेच गुंतला आहे हे पत्रातून कळतं. तुम्ही लिहिता की जिथे एकाच फोनवर दोघी नोंदी भरतात किंवा फोनची तारीख-वेळ चुकलेली असते तिथे गळती जास्त आहे. याचा अर्थ सर्व्हर फोनच्या घड्याळावर विसंबून 'नंतरची नोंद खरी' असं धरतो आणि खऱ्या नोंदीला जुनी समजून टाकून देतो. प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक द्या. दोन नोंदी एकमेकींवर आल्या तर दोन्ही ठेवा आणि निवाडा माणसावर सोपवा. सर्व्हरकडून पोच आल्याशिवाय फोनमधली नोंद पुसू नका. आपल्याकडे टपालाची पोचपावती हातात पडेपर्यंत माणूस आपली प्रत जपून ठेवतो, तितकीच साधी गोष्ट. आणि ही पोच सेविकेला दिसू द्या: पोहोचलेल्या नोंदीपुढे खूण, न पोहोचलेल्यांचा आकडा मोठ्या अक्षरात. तिला तिचं काम कुठवर पोहोचलं हे कळण्याचा हक्क आहे.

तुमची दुसरी समजूत अशी दिसते की खात्यातल्या साहेबांना खोटाच अहवाल हवा आहे. तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे नाही. साहेबांची अडचण वेगळी असते. ३१ मार्चला खर्च न झालेला निधी व्यपगत होतो, आणि पुढच्या वर्षी तो मागताना शंभर प्रश्न येतात. त्यांना पैसे मार्गी लावायचे असतात. करारात वाव असेल तर झालेल्या टप्प्याचं बिल आता आणि रेंजविना चालणाऱ्या भागाचं नंतर, असं लेखी ठरवता येतं. मुदतवाढ मागता येते, विलंबाचा दंड लागला तर तो किती हे मोजता येतं. पुष्कळदा तो दंड ऐकून आपण उगाच घाबरलो होतो असं लक्षात येतं. शिवाय साहेबांनाही पुढे लेखापरीक्षणाला तोंड द्यायचं असतं. त्रुटी नोंदवून घेतलेला अहवाल त्यांच्याही फायलीत ढालीसारखा राहतो. राज्यातल्या बदल्यांच्या कायद्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षं, मग साहेब दुसऱ्या जिल्ह्यात. फाईल मात्र इथेच राहते आणि तिच्यात तुमचं नाव राहतं.

सरांनाही एका झटक्यात खलनायक ठरवू नका. सर्वांत कमी दर भरला म्हणून काम मिळालं. दर कमी करताना सर्वांत आधी कापला जातो तो प्रत्यक्ष गावात जाऊन चाचणी करण्याचा खर्च, कारण तो कागदावर कोणाला दिसत नाही. बँक गॅरंटी अडकलेली, ओव्हरड्राफ्टचं व्याज चालू, आणि तीस जणांचे पगार. त्यांना तत्त्व सांगू नका, वाट सांगा. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या कायद्यानं माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, सरकारी खात्यावरसुद्धा. उशीर झाला तर व्याज लागतं. खात्याशी वाकडं नको म्हणून छोटे ठेकेदार याचा आधार घेत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी एक सभ्य पत्र लिहायला काय जातं?

आता इथे एक रेघ ओढते. अपुरं काम 'अपुरं' म्हणून देणं आणि खोटं काम 'पुरं' म्हणून देणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या गोष्टीत मी शेवटपर्यंत तुमच्या सरांची बाजू घेईन. पण उद्या तुम्हाला कोणी सांगितलं की गळलेल्या नोंदींच्या जागी अंदाजानं आकडे भरून टाका, किंवा न केलेल्या चाचणीवर मागची तारीख घाला, तर तिथे चर्चा संपली. ते काम तुमच्या हातून होता कामा नये, मग घरचे हप्ते कितीही असोत. तुमचा नकार त्याच दिवशी ई-मेलनं कळवा. चार ओळी पुरेत: काय सांगितलं गेलं, कधी, आणि मी ते का करत नाही. व्हॉट्सॲपवरचा वाद उपयोगाचा नाही. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून सही घेतली गेली तरी ती ई-मेल तारखेसकट राहते.

एक ताकीद. स्वतःच्या बचावासाठी म्हणून लाभार्थ्यांचा डेटा पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नका. आधार क्रमांक, लहान मुलांची नावं, बायकांच्या आरोग्याच्या नोंदी, ही तुमची मालमत्ता नाही आणि सरांचीही नाही. करारातून हाती आलेली अशी माहिती दुसऱ्याचं नुकसान होईल हे ठाऊक असूनही बाहेर दिली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा म्हणून तुमचा अहवाल आणि तुमची ई-मेल पुरेशी आहे. आज तुमच्या ऑफिसात चाचणीसाठी खऱ्या नोंदींची प्रत वापरली जात असेल, तर ते थांबवणं हेही टेक्निकल लीडचंच काम आहे. नावं-क्रमांक बदलून चाचणीचा डेटा तयार करायला एक दिवस लागतो.

थेट वर्तमानपत्रात किंवा मंत्रालयात तक्रार करू का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं विचारलं आहे. आत्ता नको. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेनं २०१४ मध्ये केला खरा, पण तो प्रत्यक्ष लागू झाला नाही. आणि मुळात तुम्ही अजून खात्याला लेखी सांगितलेलंच नाही. घरातल्या माणसाला न सांगता गावाला सांगण्यासारखं होईल ते.

उरला प्रश्न, याला टेक्नॉलॉजीचं काम म्हणायचं का. याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण हा प्रश्न तुमचा नाही, त्या काकांचा आहे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. देशातली एवढी मोठी प्रणाली आपल्या अंगणात सुरू झाली. त्यानंतर रेशन, पीकनोंद, मजुरीची हजेरी, सगळं फोनवर आलं. तुमच्या वडिलांनी ई-पीक पाहणीत कापूस नोंदवताना बांधावर उभं राहून रेंज शोधली असेलच. ती नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर घरात काय होतं, हे पुण्यातल्या तुमच्या जुन्या टीमला बैठकीत समजावून सांगावं लागेल. तुम्हाला ते सांगावं लागत नाही. दोन हजारांचा जुना फोन, अर्धी बॅटरी, भिलोरी-पावरी बोलणारी आणि मराठी जेमतेम वाचणारी सेविका, आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी मोलगीत मिळणारी रेंज. एवढं धरून नोंद न गाळणारी प्रणाली लिहिणं कठीण आहे. जो ती लिहील त्याला मी मोठा इंजिनिअर म्हणेन.

या नोकरीत धोकेही आहेत, ते लपवत नाही. आरएफपीत जी भाषा आणि जी आवृत्ती लिहिली तीच पाच वर्षं वापरावी लागते, आणि हात गंजतात. कोड खात्याच्या मालकीचा, त्यामुळे मुलाखतीत दाखवता येत नाही. बिल अडकलं की पगार अडकतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. वर्षातून एकदा तरी बाहेर मुलाखत द्या, जायचं नसलं तरी. आणि आपण सोडवलेले प्रश्न, खात्याचं नाव किंवा डेटा न देता, आपल्या शब्दांत लिहून ठेवा. तुमची पोचेची गोष्ट कोणत्याही मुलाखतीत अर्धा तास पुरेल.

पुण्याची ऑफर वाईट नाही. वडिलांचं दुखणं, शेती, स्वतःची उमेद, यांचा हिशेब तुम्हीच मांडू शकता. माझी विनंती एवढीच की तो निर्णय या सहीला बांधू नका. सहीपासून सुटका म्हणून गेलात तर तिकडेही कुठलातरी मार्च येईल. ऑफर देणाऱ्यांकडे एप्रिल अखेरपर्यंत मुदत मागा, बहुतेक मिळते. दुरुस्ती करून, ती डोंगरावर चालताना पाहून मग ठरवा. सरांनी शर्तीच्या अहवालाला साफ नकार दिला, तर मात्र महिनाभर थांबण्याचंही कारण नाही.

मुलीच्या काकांना उत्तर द्यायची गरज नाही. मुलीला मात्र सांगा, तुम्ही काय करता ते, या पत्रात मला सांगितलंत तितकं सविस्तर. पगार उशिरा होतो हेही सांगा.

आता उद्यापासूनचं. सकाळी ते स्वीकृतीचं कलम वाचा. दुपारी सरांना एकांतात भेटा, वर लिहिलेला मसुदा छापून न्या, आणि बिलाचे टप्पे कसे पाडता येतील तेही एका कागदावर न्या. परवा टेस्टिंगच्या मुलीला आणि एका सहकाऱ्याला घेऊन धडगावला निघा. जळगावहून लांब पडतं, मुक्कामाच्या तयारीनं जा. तीन केंद्रं निवडा, त्यातलं एक तरी जिथे गाडी जात नाही असं. एका फोनचं घड्याळ मुद्दाम दोन दिवस मागे करा, एका फोनवर दोघींना नोंदी भरू द्या, आणि प्रत्येक नोंद वहीतही लिहून घ्या. संध्याकाळी वही आणि सर्व्हर समोरासमोर ठेवा. जी नोंद सापडणार नाही तिच्यापुढे आकडा लिहू नका, त्या बाईचं नाव लिहा. तो कागद अहवालाला जोडायचा नाही, तो तुमच्या टेबलावर राहू द्या, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत.

तुमची ताई